तुमच्या आभाळाचे पोपडे

ग्रिम्सबी, ९ जानेवारी

हॅलिवेल सर,

नमस्कार म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. पत्रासोबत एक छोटं पाकीट आहे. ते टेबलावर ठेवून, खिडकी बंद करून उघडा आणि शिंक येत असेल तर आवरा. आत निळसर करड्या रंगाचे तीन पोपडे आहेत. 'भरतीआधी' या तुमच्या चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून पडले, जिथे तुमचं आभाळ जरा जांभळट होत जातं तिथून.

नोव्हेंबरच्या लिलावात हे चित्र कुणी घेतलं ते तुम्हाला कळलं नसेल. पेपरात 'नाव गुप्त ठेवू इच्छिणारा चाहता' असं आलं होतं. चाहता वगैरे कुणी नाही. मी घेतलं. नोरीन ड्रुअरी. तुमच्या वर्गात मागच्या खिडकीशी बसायची ती. ग्रिम्सबीच्या गोदीवरून आले होते म्हणून तुम्ही मला 'मासळीबाजार' म्हणायचात. "मासळीबाजार, आज वारा कुठल्या दिशेचा?" असं विचारलंत की सगळा वर्ग खिदळायचा. मीही खिदळायचे. मास्तर हसले की हसायचं, एवढीच अक्कल होती तेव्हा.

घाबरू नका, चित्राला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. फक्त स्वयंपाकघरात टांगलंय, किटलीच्या बरोबर वर. चौकटी करणारा रेग आला होता. तो हातोडी खाली ठेवून म्हणाला, "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? इथे वाफ लागते. हे म्हणजे बोक्याला हेरिंग माशांच्या राखणीवर बसवणं झालं."

"रेग, खिळा ठोक," मी म्हटलं.

"पण हे हॅलिवेलचं आहे! आमच्या शाळेच्या कॅलेंडरवर होतं हे!"

"म्हणूनच ठोक."

तर आता दिवसातून सहा-सात वेळा चहा होतो. हॅडक मासळी उकडते तेव्हा खिडक्या लावून घेते. सकाळी फरशीवर काहीतरी पडलेलं असतं. केर काढायच्या आधी मी ते उचलते. यापुढेही जे पडेल ते पाठवत जाईन. तुमचं आहे, तुमच्याकडे यायला हवं.

आता तुम्ही विचाराल, माझं चित्र सोलायला ही बाई कोण? खरंच विचाराल का? लिलावाआधी चित्र बघायला ठेवलं होतं तेव्हा मी नाक मुरडायला गेले होते, दुसरं काही मनात नव्हतं. इतकी वर्षं ते कुणा श्रीमंताच्या घरात होतं. मी फक्त पुस्तकांत पाहिलेलं, आणि तेही पान चटकन उलटून. जवळ गेले तर क्षितिजाच्या रेषेवर उंचवटा दिसला. डावीकडून उजवीकडे सरळ, आणि दर चार बोटांवर एक बारीक गाठ. तुमच्या त्या क्षितिजाच्या 'करारी शिस्ती'वर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मी तिथल्या माणसाला म्हटलं, जरा पाठ दाखव. मी अकादमीची सभासद आहे म्हटलं की हल्ली माणसं मला चित्रं उलटी करून दाखवतात.

पाठीवर माझ्या आईची शिवण होती, सर. कॉलेजात तिचं चित्र काढायला मला रुंद कॅनव्हास परवडत नव्हता म्हणून दोन अरुंद पट्टे आईने जोडून दिले होते. ती ट्रॉलर बोटींची जाळी विणायची, परसात, भिंतीच्या आकड्याला जाळं अडकवून. तिला शिवायला सांगितलं तरी हात जाळ्याचीच गाठ मारायचे. ती गाठ मी आंधळी झाले तरी ओळखेन.

तुमच्या आभाळाखाली माझी आई आहे. ती बाहेर येईपर्यंत किटली उतरणार नाही.

नोरीन ड्रुअरी


ग्रिम्सबी, १ फेब्रुवारी

हॅलिवेल सर,

तुमचं उत्तर पोचलं. वकिलाला मध्ये न घालता स्वतः लिहिलंत, तेवढं बरं केलंत. अक्षर फार कापतंय.

तुम्ही नाकारत नाही. मला वाटलं होतं कानावर हात ठेवाल. पण तुम्ही लिहिता, "ते चित्र वऱ्हांड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं, आणि आपल्या कॉलेजची रीत तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे. भिंतीकडे तोंड केलेलं चित्र म्हणजे टाकून दिलेलं. ज्याला हवं त्याने उचलावं आणि वर आपलं रंगवावं. गरिबांचं कॉलेज होतं, कापड वाया घालवणं पाप होतं. मीही दुसऱ्यांच्या टाकलेल्या फुलदाण्यांवर आणि नागड्या बायकांवर रंगवलंच की. पण मी माझं चित्र भिंतीकडे वळवलं ते वार्निश ओलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रदर्शनाला आई येणार होती, तिच्यासाठी ते चकाकायला हवं होतं. त्यावर धूळ बसू नये एवढ्यासाठी मी ते फिरवलं. रीत विसरले. माझीच चूक, असं म्हणून मी इतकी वर्षं स्वतःला खाल्लं.

पण एक सांगा सर. चित्र भिंतीकडून फिरवल्याशिवाय त्याच्यावर रंग लावता येतो का?

तुम्ही ते फिरवलंत. पाहिलंत. ती चकाकत होती. आदल्याच आठवड्यात तुम्ही त्याच चित्रापुढे बराच वेळ उभे होता, "हं" एवढंच म्हणाला होता आणि त्या 'हं'वर मी चार रात्री झोपले नव्हते. कुणाचं आहे, काय आहे, सगळं ठाऊक होतं तुम्हाला. तुम्हाला लंडनच्या बक्षिसासाठी चित्र पाठवायचं होतं, मुदत संपत आली होती आणि हाताशी एवढं मोठं ताणलेलं कापड नव्हतं. नाहीतर तुम्ही का उचललंत ते तुम्हीच लिहा, मी वाचेन. आणि घाई इतकी की माझं वार्निशही खरवडलं नाहीत. आम्हाला ओरडून ओरडून शिकवायचात, "गुळगुळीतावर रंग धरत नाही, गाढवांनो!" नाहीच धरला. पस्तीस वर्षं तुमचं आभाळ गळतंय आणि मालकाने बोलावलेली म्युझियमची माणसं ते गोंदाने चिकटवत आली आहेत. एकाने तर लिहिलं होतं की ह्या पडझडीत 'नश्वरतेचा स्पर्श' आहे. वाचून मी इतकी हसले की चहा नाकात गेला.

आई आली त्या दिवसाचं सांगते, कारण तुम्ही पत्रात त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. ती बसने आली, शेजारणीचा कोट आणि स्वतःची हॅट घालून. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे नीट बघून तिला भिंतीवर लावलं होतं. तिने बाबांना सांगितलं होतं, "मी आज मला बघायला चाललेय." माझ्या नावाच्या पाटीशेजारी नुसता खिळा होता. मी वेड्यासारखी कोठारं धुंडाळत हिंडले. तुम्ही मला जिन्यात भेटलात आणि म्हणालात, "अडगळ काढली सकाळी. कचऱ्याच्या गाडीत गेलं असेल, पोरी. वाईट वाटून घेऊ नकोस, पुढचं याहून चांगलं होईल."

परतीच्या बसमध्ये आईने माझा हात हातात धरला होता. म्हणाली, "जाऊ दे गं. असल्या भिंतींवर आपलं काय काम?" त्याच हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्याने गेली. वसंतात तुम्हाला बक्षीस मिळालं.

सोबत सात पोपडे.

नोरीन ड्रुअरी


ग्रिम्सबी, ८ मार्च

हॅलिवेल सर,

हात बाहेर आले.

मंगळवारी सकाळी दाराशी दूध घ्यायला गेले, परत येऊन बघते तर क्षितिजाखालचा तुम्ही रंगवलेला सगळा चिखल ओट्यावर सांडलेला, आणि त्या जागी आईचे दोन हात. डाव्या हातात जाळ्याची सुई, उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण दोर कापायचा. मी दुधाची बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिले. ते हात फारसे चांगले काढलेले नाहीत हेही मला दिसलं. मनगट जाड झालंय, अंगठा लाकडी आहे. आज माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने असे काढले असते तर मी तिला पुसायला लावलं असतं. पण ते आईचे आहेत.

आता तुमच्या दुसऱ्या पत्राकडे वळते. तुम्ही विनवता की चित्र वाफेतून काढ. तुमच्या नावावर तेवढं एकच चित्र उरलंय, असं लिहिता. हे मात्र खरं आहे. बक्षीस मिळालं, टीव्हीवर बोलावलं, राजवाड्यातून पदवी मिळाली आणि लोक तुम्हाला 'सर' म्हणायला लागले. आम्ही तर आधीपासूनच म्हणत होतो. मग तुम्ही तेच आभाळ पुन्हा पुन्हा काढलंत, दरवेळी थोडं पातळ, थोडं गोड. ती सगळी चित्रं आता दातांच्या दवाखान्यांत लागलेली असतात. मी गेल्या वर्षी दाढ काढायला गेले तेव्हा तुमच्या एका आभाळाखाली तोंड वासून पडले होते. 'भरतीआधी'सारखं पुन्हा जमलं नाही. ते चित्र चांगलं आहे, सर. मी चित्रकार आहे, खोटं बोलणार नाही. म्हणून तर मी ते घेतलं. वाईट चित्र गळालं तर त्यात कसला सूड?

माझं काय झालं ते तुम्ही वाचलं असेलच. मी वीस वर्षं चेहरा काढला नाही. गोदी काढली, बोटी काढल्या, बर्फाचे कारखाने काढले. नंतर बायका काढायला लागले, पण पाठमोऱ्या. लोकांना वाटलं ती माझी शैली आहे. त्या शैलीचे पैसे झाले आणि त्या पैशांनी तुमचं आभाळ घेतलं.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, "ढगाखाली काही शोधू नकोस. रंगवण्याआधी मी तो चेहरा सुरीने खरवडून काढला होता. तिथे रंग फार जाड होता. ढगाला हात लावलास तर तुझ्या हाती काहीच लागणार नाही आणि माझं चित्र मात्र संपेल."

उलटा शहाणपणा आहे हा. वार्निश घासायला वेळ नव्हता आणि चेहरा खरवडायला होता? तुमच्या त्या पांढऱ्या ढगासाठीच लोक चित्राकडे येतात. तो वाचवायला तुम्ही काहीही लिहाल. ढग अजून शाबूत आहे. खालून जरा उचलला गेलाय. मी त्याच्याखाली किटली सरकवली आहे.

नोरीन ड्रुअरी


ग्रिम्सबी, ३० मार्च

हॅलिवेल सर,

आज पाकीट मोठं आहे. ढग आहे.

तो आपोआप पडला असं लिहिणार होते. नाही पडला. काल दुपारी मीच त्याच्या कडेखाली अंगठ्याचं नख घातलं. वाळल्या खपलीसारखा सुटत गेला, एका जागी पाव इंचसुद्धा तुटला नाही.

तुम्ही खरं लिहिलं होतंत. खाली कापड आहे. नुसतं पिवळट कापड, त्यावर सुरीचे ओरखडे. कानाजवळ केसांची एक बट राहिली आहे आणि हॅटच्या कडेसारखं काहीतरी. बाकी काही नाही. जाड रंग होता कारण त्या चेहऱ्यावर मी दोन महिने घालवले होते. मी ती हसताना काढली होती. पुढचे दोन दात नसल्याने ती परक्यांसमोर ओठ मिटून घ्यायची, माझ्यासमोर नाही.

आमच्याकडे तिचा एकही धड फोटो नाही. लग्नाच्या फोटोत तिने वाऱ्यामुळे हॅट धरलीय आणि तोंडावर हाताची सावली आहे. गेली कित्येक वर्षं मी डोळे मिटले की मला तिचा चेहरा दिसत नाही, माझं चित्र दिसतं. आता तेही जाईल, कारण त्या जागी हे कापड बसलंय.

तुम्ही मेलात तर मला आनंद होईल असं आजवर वाटत होतं. आज वाटतं, तुम्ही खूप जगावं. शंभर वर्षं जगावं आणि डोळे शाबूत राहावेत.

नोरीन


ग्रिम्सबी, २१ एप्रिल

हॅलिवेल सर,

तुमची मुलगी येऊन गेली. तिने घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून मीच लिहिते.

दार उघडलं तर रेशमी स्कार्फ, दमलेला चेहरा आणि छातीशी धरलेली सपाट पिशवी. म्हणाली, "मिसेस ड्रुअरी? मी क्रेसिडा हॅलिवेल."

"मिस. लग्नाला सवड झाली नाही. चहा घेणार?"

"नको, थँक्यू. मी लगेच निघणार आहे."

"चहाला नाही म्हणणाऱ्याला आम्ही इथे बसू देत नाही. आत या. तुमच्या घरची वस्तूही तिथेच आहे."

ती स्वयंपाकघरात आली आणि चित्रापुढे थबकली. किटली नेमकी तेव्हाच उकळत होती. तिने हात तोंडावर नेला. मग स्वतःच पुढे होऊन गॅस बंद केला, विचारलंसुद्धा नाही.

"ह्या चित्राच्या बक्षिसातून आमचं घर झालं," ती म्हणाली. "मी ह्या आभाळाखाली वाढले म्हणा ना."

"मग आपण बहिणी झालो. मीही त्याच्याखालीच होते."

ती यावर हसली नाही. खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली. म्हणाली की तुम्ही जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरलाय आणि मी पाठवलेले पोपडे चिमट्याने त्यावर जुळवत बसता. कोडं सोडवावं तसे. तिथे जेवायला बंदी आहे, मांजराला बंदी आहे, खिडकी उघडायची नाही. "ढग आला त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले. मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मला वाटायचं, तुम्ही कुणी डोकं फिरलेली बाई आहात."

"आणि आता?"

"आताही वाटतंच," ती म्हणाली. "पण कारण कळलं."

मला ती आवडली, सर. तुमची वाटत नाही.

मग तिने पिशवीतून पुठ्ठा काढला. म्हणाली, "बाबांनी हे आजवर कुणाला दाखवलेलं नाही. आईलाही नाही. म्हणाले, हे तिला दे आणि त्याच्या बदल्यात चित्र तिथून काढून घेशील का, एवढं विचार."

मला वाटलं एखादं आभाळ असेल. पुठ्ठ्यावर आमच्या त्या प्रदर्शनाचं आमंत्रण होतं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली माझी आई.

तुम्ही तिथे होतात. मी कोठारं धुंडाळत होते तेव्हा तुम्ही तिच्यापासून दहा पावलांवर उभे राहून तिला काढत होतात. आदल्याच रात्री ज्या चेहऱ्यावर सुरी चालवली, तो चेहरा जिता-जागता चालत आत आला, आणि तुम्ही पळून गेला नाहीत, माफी मागितली नाहीत. पेन्सिल काढलीत. शेजारणीचा कोट खांद्यांवर मोठा होतो, तो तसाच मोठा आहे. दोन्ही हातांत कागदी पेला. चेहरा जरा वर उचललेला, ओठ मिटलेले, नजर खिळ्यावर. ती रडत नाहीये. तिला फक्त कळत नाहीये की ती स्वतः कुठे गेली.

मी रडले. तुमच्या मुलीसमोर, ओट्याला धरून, मोठ्याने रडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो झटकला नाही.

रडणं थांबल्यावर राग आला. कारण ते चांगलं आहे, सर. 'भरतीआधी'पेक्षा चांगलं आहे. माझ्या त्या हसऱ्या आईपेक्षाही कितीतरी चांगलं आहे. तुमच्या सगळ्या आयुष्यात तुम्ही एकदाच खरं बघितलंत, आणि ज्या माणसाला लुटलं त्यालाच बघितलंत. बघितलंत आणि ड्रॉवरमध्ये टाकलंत, कारण दाखवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं.

क्रेसिडा म्हणाली, "मग? घेणार ना?"

"खाली सही का नाही?" मी विचारलं.

"कधी केलीच नाही म्हणाले."

मी चित्र तिच्याच हाती परत दिलं आहे. माझ्या अटी अशा. खाली उजव्या कोपऱ्यात तुमची पूर्ण सही हवी, चित्रावर करता तशी. सहीच्या वर आईचं नाव, आयव्ही ड्रुअरी, तुमच्याच हाताने. आणि सप्टेंबरात लंडनला माझं मोठं प्रदर्शन आहे, त्यात ते लावायची लेखी परवानगी. तुम्ही हे केलंत तर 'भरतीआधी' त्याच दिवशी वरच्या कोरड्या खोलीत जाईल, आणि जे आभाळ उरलंय त्याचा कणही पडू देणार नाही. चिकटवणाऱ्याला बोलावून ते पक्कं करून घेईन. नाही केलंत तर मी परत किटली ठेवते. हॅडक ताजी मिळतेय सध्या.

म्हणजे तुम्हाला निवडायचंय, लोकांनी तुम्हाला कशासाठी ओळखावं ते. मला निवडायला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढा माझ्याकडून तुमच्यावर उपकार समजा.

नोरीन ड्रुअरी


ग्रिम्सबी, ६ मे

हॅलिवेल सर,

मिळालं. क्रेसिडाने स्वतः आणून दिलं आणि यावेळी न सांगता चहा घेतला.

सही कापरी आहे पण पूर्ण आहे. आईचं नाव लिहिताना तुम्ही पेन्सिल दोनदा उचललीत हे दिसतं. क्रेसिडा म्हणाली, आठवडाभर तुम्ही त्या कागदापुढे नुसते बसून होतात. मग एका सकाळी म्हणालात, "मी आहे तसाच दिसू दे एकदा." हे तुम्ही खरंच म्हणालात की ती तुमची बाजू सावरतेय, ते मला कळलं नाही. म्हणाला असाल तर मोठं वाक्य आहे, आणि मला तुमच्याकडून मोठी वाक्यं नको आहेत.

मी शब्द पाळला. चित्र वर गेलं. रेगनेच नेलं, पायऱ्यांवर पुटपुटत, "चढवा म्हणतात, उतरवा म्हणतात, माझ्या कमरेला कुणी विचारत नाही." अर्धं आभाळ आहे, मधोमध आईचे हात आहेत, आणि ढग होता तिथे कापड. चिकटवणारा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "बाई, हे आता नेमकं कुणाचं चित्र म्हणायचं?" मी म्हटलं, जिने शिवलं तिचं.

तुम्हाला वाटत असेल की आता मिटलं. क्रेसिडालाही तसं वाटलं. जाताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आता तरी माफ केलंत ना?" मी तिला दुखवलं नाही, नुसती मान हलवली. तुमच्यासाठी मात्र स्पष्ट लिहिते. मी माफ केलेलं नाही. अटी पाळणं वेगळं.

नोरीन ड्रुअरी


लंडन, १४ सप्टेंबर

हॅलिवेल सर,

तुम्ही उद्घाटनाला आला नाहीत. तब्येत बरी नाही म्हणून क्रेसिडा एकटीच आली. मी दाराकडे बघत होते हे कबूल करते.

शेवटच्या दालनात माझ्या पाठमोऱ्या बायका आहेत, भिंतभर, माणसाएवढ्या. आणि त्यांच्यासमोरच्या भिंतीवर एकटं तुमचं ते छोटं चित्र. बाजूच्या पाटीवर फक्त आईचं नाव, तुमचं नाव आणि साल. लोक माझ्या मोठ्या चित्रांवरून भराभरा येतात आणि त्याच्यापुढे थांबतात. पुढे गेलेले परत येतात. काल एक म्हातारी हातातली पिशवी खाली ठेवून इतका वेळ उभी होती की पहारेकऱ्याने तिला खुर्ची आणून दिली.

पेपर तुमच्याकडे येतातच. एकाने लिहिलंय की हॅलिवेलचं हे सर्वोत्तम काम, आभाळं विसरा. दुसऱ्याने लिहिलंय की एवढं येत असताना हा माणूस पस्तीस वर्षं ढग का काढत बसला? माझ्या प्रदर्शनाच्या बातमीत निम्मी जागा तुम्ही खाल्लीत. याचा मला राग यायला हवा होता. पण ह्यावेळी तुम्ही माझ्या परवानगीने माझ्या भिंतीवर आहात.

लोक मला एकच प्रश्न विचारतात, "ही बाई एवढं काय बघतेय?" उत्तर माझ्या जिभेवर असतं. क्रेसिडा शेजारी असली की ती माझ्याकडे बघते, आता ही सांगणार, आता सांगेल, म्हणून. मी सांगत नाही. मी सांगितलं तर ती एका खुनशी बाईची तक्रार होईल. लोक म्हणतील, म्हातारी झाली, जुनं उकरून काढतेय. तुम्ही सांगितलंत तर ते खरं होईल. म्हणून सगळ्यांना मी एकच सांगते, "मी नाही काढलेलं, ज्यांनी काढलं त्यांना विचारा."

"ते आहेत अजून?"

"आहेत की. साउथवोल्डला असतात. कान चांगले आहेत, डोकं शाबूत आहे."

परवा रेडिओची एक तरुण मुलगी आली होती. हुशार आहे, पाल्हाळ लावणाऱ्याला सोडत नाही. चित्रापुढे उभी राहून तिने खूप वेळाने विचारलं, "तिच्यासमोर भिंतीवर काहीतरी असायला हवं होतं ना?" मी म्हटलं, पत्ता लिहून घ्या.

ती गुरुवारी सकाळी तुमच्याकडे येतेय. मी तिला काहीही सांगितलेलं नाही.

नोरीन ड्रुअरी